गल्लीचा भाव

आमच्या गल्लीत सध्या असे सांगितले जाते की शेजारचे घर स्वस्तात पदरात पडावे म्हणून मी आलेल्या गिऱ्हाइकाला पाण्याचे भय घातले. सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या सकाळी फाटकापाशी उभा नव्हता. मी उभा होतो. तेव्हा काय घडले हे सांगण्याचा पहिला हक्क माझा आहे आणि तो मी बजावणार आहे. ज्यांना माझी हकीकत पटणार नाही त्यांनी आपली खुशाल लिहावी. खाली सही मात्र करावी.

माझी सारी नोकरी जमीन मोजण्यात गेली. कन्नड, सिल्लोड, वैजापूर या तालुक्यांत साखळी ओढत मी उन्हातान्हात हिंडलो. दोन सख्खे भाऊ बांधावर कुऱ्हाडी घेऊन उभे असताना मधला दगड कुठे रोवायचा हे मी ठरवले आहे, आणि माझा दगड नंतर कुणी हलवल्याचे मी तरी ऐकलेले नाही. त्या कामाने मला एक गोष्ट शिकवली होती, किंवा शिकवली असे मी समजत होतो: जमिनीची किंमत जमिनीच्या अंगात असते. क्षेत्र किती, रस्त्याला किती तोंड, माती कशी, कागद स्वच्छ की गुंतलेला. शेजारी कोण राहतो, कोपऱ्यावर काय चालते, संध्याकाळी वारा कुठून येतो, या गोष्टी कोणत्याही नकाशात दाखवलेल्या नसतात; आणि जे नकाशात नाही त्याचे पैसे शहाणा माणूस देत नाही. या समजुतीवर मी संबंध आयुष्य काढले. ती मोडली तेव्हा माझ्या वयाला न शोभेल इतका मी हादरलो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आमची गल्ली शहराच्या नव्या भागात, जालना रस्त्यापासून आत आहे. घरे जोडीजोडीने बांधलेली. दोन घरांत एकच मधली भिंत, आणि एकाचा आराखडा आरशात धरला की दुसऱ्याचा तयार होतो. शहागंजातल्या भाड्याच्या खोल्या सोडून मी इथे आलो, तेव्हा आमचे जुने घरमालक, कापडाचे व्यापारी, दुकानाच्या पायरीवरून मला म्हणाले होते, "साब, उधर क्या गीदडों में रहने जा रे? रात को तबीयत बिगड़ी तो हकीम किधर से लाते?" त्यांचे चुकले नव्हते. इथे तेव्हा काटेरी बाभळी, खडी आणि उघडे गटार एवढेच होते.

आज गल्लीत जी कडुनिंबाची रांग दिसते ती मी लावली. शेळ्यांपासून राखली, उन्हाळ्यात भांडी घासलेले पाणी बादलीने नेऊन घातले. गल्लीच्या तोंडाशी जी बाग आहे ती मोकळी जागा मलबा टाकणाऱ्यांनी बळकावली होती. मी ट्रकसमोर जाऊन उभा राहिलो. त्याच जागेवर पुढे मंगल कार्यालय उभे करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा नकाशा काखेत मारून जिथे जिथे जाऊन भांडता येते तिथे तिथे मी भांडलो. वसाहत समितीचे माजी अध्यक्ष आता भाषणात म्हणतात की हे 'आपण सर्वांनी' केले. सर्वांनी केले ते फीत कापण्याच्या दिवशी. त्याआधीच्या दिवसांत मला तिथे माझ्याखेरीज कुणी दिसल्याचे आठवत नाही.

मधल्या भिंतीपलीकडचे शेजारी माझ्याच वयाचे. कन्नडकडचे शेतीवाले घराणे, पण यांनी हयात बँकेत काढली. मी त्यांना भाऊ म्हणतो, ते मला साहेब म्हणतात. त्यात आदर किती आणि टोमणा किती हे मी कधी तपासले नाही. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी घर विकायला काढले. मुलगा पुण्याला, गुडघे दुखतात, इथे दोघांनीच राहायचे तरी किती. ही बातमी त्यांनी मला चहा पिता पिता सांगितली, आणि खोटे कशाला बोलू, मला दुःखाऐवजी आनंद झाला.

कारण माझी मुलगी. ती वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. जावई फिरतीवर असतो, नात लहान आहे, आणि गारखेड्यातले त्यांचे भाड्याचे घर दरवर्षी बदलत असते. ती शेजारी आली की मधल्या भिंतीत, स्वयंपाकघराच्या बाजूने, एक दार पाडायचे हे माझ्या पत्नीने त्याच संध्याकाळी ठरवूनही टाकले. नातीने शाळेतून आल्यावर कोणत्या घरात जेवायचे इथपर्यंत आमची चर्चा गेली. म्हातारपणी माणसाला मागायला फार थोडे उरते. मला एवढेच हवे होते.

मी कामाला लागलो. जागेचे क्षेत्र मला पाठ होते, बांधकामाचे वय ठाऊक होते. झीज वजा करून, जागेचा सरकारी दर धरून आणि वर शेजारधर्माचे थोडे घालून मी एक न्याय्य आकडा काढला आणि सकाळीच भाऊंच्या ओट्यावर गेलो. तिथे एक तरुण दलाल आधीच बसला होता. मी माझा आकडा सांगितला. दलालाने भाऊंकडे पाहिले, भाऊंनी आपल्या चपलेकडे.

"काका," दलाल म्हणाला, "ह्या आकड्याला तर पडेगावाच्या पल्याड बी घर मिळायचं नाय." आणि त्याने भाऊंची अपेक्षा सांगितली.

तो आकडा मी इथे लिहिणार नाही. माझ्या आकड्याला तो आपल्या खिशात घालून हिंडला असता, एवढेच सांगतो. मला वाटले पोरगा चेष्टा करतो आहे.

"एवढं काय आहे या घरात?" मी विचारले. "छत गळतं. मोरी फुटलेली आहे. माझं घर याचंच भावंड आहे, वीट न् वीट मला माहीत आहे."

"घरात काय नाय, काका," तो शांतपणे म्हणाला. "गिऱ्हाईक घर पाडूनच टाकंल. पैसे घराचे नायच. ही झाडं बघा. समोर बाग. कोपऱ्यावर टपरी नाय, दारूचं दुकान नाय, डीजे नाय. रात्री लेकीबाळी फिरत्यात. आन् वर तुम्ही."

"मी?"

"मंग! इथं कुणी आडवी गाडी लावत नाय, कुणी हॉर्न वाजवत नाय, कुणाच्या भ्यानं? मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो, बाजूला एक काका हायेत, लई कडक, चौकीदार ठेवायची गरज नाय."

भाऊ हसले. मला हसू आले नाही. जी झाडे मी वाढवली, जी बाग मी भांडून राखली, जी शांतता मी सगळ्यांचे शिव्याशाप खाऊन टिकवली, ती सगळी भाऊंच्या घराच्या भावात चढवून मलाच विकली जात होती. आणि त्या मालाच्या यादीत शेवटी मीही होतो.

"भाऊ," मी म्हणालो, "ही झाडं कुणी लावली?"

"तुम्हीच लावली, साहेब. मी कधी नाही म्हटलं?"

"मग त्यांचे पैसे मी तुम्हाला का द्यायचे?"

भाऊंनी गुडघा चोळला. "लेकीसाठी मागताय, म्हणून मी दोन पावलं खाली येतो. पर तुम्ही म्हणता तितकं खाली कसं येऊ? पुण्यात माझ्या पोरानं जागा बघितली, तिथं तर चाफ्याचं एक झाड दाखवून बिल्डरनं भाव चढवला. तिथं द्यायचे पैसे मी आणू कुठून? तुमच्या झाडांनी माझं भलं केलं, साहेब. मी उपकार मानतो. पर उपकारावर पोराचा हप्ता फिटत नाय."

भाऊ लबाड आहेत असे माझ्या पत्नीचे मत आहे. माझे नाही. ते बरोबर बोलत होते, म्हणून मी उठून घरी आलो.

आता पाण्याचे प्रकरण. ज्यांना आमचे शहर ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. कधी आठवड्याने, कधी त्याहून उशिरा. पहाटे की भर दुपारी, ते आल्यावरच कळते. जायकवाडी भरलेले असो वा रिते, आमच्या नळाचा स्वभाव तोच. त्यामुळे पाण्याचा दिवस हा घराघरांत वेगळाच मानला जातो. त्या दिवशी हौद भरतात, अंगणे धुतली जातात, झाडे ओली दिसतात, माणसे एकमेकांशी गोड बोलतात. आणि आमच्या गल्लीचा एक अलिखित नियम आहे: विकायचे घर पाण्याच्याच दिवशी दाखवायचे. कोपऱ्यावरच्या घरातल्या वहिनींची पाणी सोडणाऱ्याशी ओळख आहे; दलाल आधी त्यांना फोन करून दिवस विचारतो. त्या दिवशी गल्लीत कुणी टँकर बोलावत नाही. गिऱ्हाइकाने पाण्याबद्दल विचारलेच तर कुणी नाही म्हणत नाही, कुणी होय म्हणत नाही. "बघा ना, वाहतंय" एवढेच. आज भाऊंचे घर आहे, उद्या आपले असेल, हा हिशेब सगळ्यांना कळतो. मी या खेळात कधी उतरलो नाही. अर्थात, मला कुणी कधी विचारलेही नव्हते.

गिऱ्हाईक पहिल्यांदा आले ते नियमाप्रमाणे पाण्याच्या दिवशी. नवरा, बायको आणि त्याची आई. मूळचे बीडकडचे, शहरात दवाखान्यांना सामान पुरवण्याचा धंदा. घर पाहून गेले. मी माझ्या ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होतो आणि एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्यांदा तो गृहस्थ एकटाच, न कळवता, कोरड्या दिवशी आला. भाऊ डॉक्टरकडे गेले होते. समोरच्या घरी टँकर उभा होता आणि त्याची नळी रस्ताभर पसरली होती. तो माझ्या फाटकापाशी आला. मी त्याच्याकडे गेलो नाही. तो माझ्याकडे आला. हा फरक गल्लीने नीट ध्यानात घ्यावा.

"काका, टँकर नेहमीच लागतो का?"

"लागतो," मी म्हणालो. "नळाला आठवडा आठवडा पाणी नसतं. तुम्ही आलात तो पाण्याचा दिवस होता. घरं त्याच दिवशी दाखवतात."

माझ्या मनात तेव्हा काय होते असे आता मला विचारले जाते. विचारले त्याचे खरे उत्तर दिले. त्यापलीकडच्या पंचाइती ज्याने त्याने आपल्या मनाच्या कराव्यात. तो गृहस्थ मोठ्याने हसला.

"काका, पाण्याचं काय घेऊन बसलात? बोअर घेऊ, टँकर लावू. पैसा टाकला की पाणी येतं. ही सावली टँकरनं येते का? माझी आई फ्लॅटमध्ये दिवसभर खिडकीत बसून असते. परवा त्या बागेतल्या बाकावर म्हाताऱ्या बसलेल्या बघितल्या, अन् घर आतून न बघताच मला म्हणाली, हेच घे." मग तो जरा पुढे वाकला. "खरं सांगू? आतापर्यंत वीस घरं बघितली. पाणी नाही हे तोंडावर सांगणारे तुम्ही पहिले. असा शेजार मिळत असेल तर मी घासाघीस पण करत नाही."

आणि त्याने केली नाही. भाऊंनी मागितले तेवढे त्याने दिले. मी खरे बोललो, तर त्या खरेपणाचाही भाव लागला, आणि तोही भाऊंच्याच पदरात पडला. आता मला कुणी सांगावे की मी घराची किंमत पाडली. किंमत पडली कुठे?

पण हे कोपऱ्यावरच्या वहिनींना सांगण्यात अर्थ नव्हता. टँकरवाल्याने आमचे बोलणे ऐकले होते, आणि दुपारपर्यंत ते गल्लीभर झाले.

"काका, गल्लीचं नाक कापलं तुम्ही!" वहिनी फाटकातूनच म्हणाल्या. "उद्या माझ्या घराला गिऱ्हाईक आलं तर काय सांगायचं मी?"

"नळ उघडून दाखवा."

"व्हय, अन् तुम्हाला उभं करते नळाखाली! लेकीला घर पाहिजे होतं तर सरळ मागायचं की. गिऱ्हाइकाला पळवायला कशाला गेले?"

"गिऱ्हाईक पळालं का? बयाणा देऊन गेलं."

"ते त्याचं भलेपण. तुमचं नाय."

स्त्रीशी रस्त्यात वाद घालू नये म्हणून मी आत आलो. मी हरलो म्हणून आत आलो, असे त्यांचे म्हणणे आहे.

घर गेल्याची बातमी मुलीला देण्याचे काम माझ्याकडे होते. मी गारखेड्याला गेलो, पाणी प्यालो, आणि भाषणाची तयारी केल्यासारखा बोललो: भाव कसा अवाच्या सवा, भाऊंचे कसे चुकले नाही, तरी मी कसे सगळे प्रयत्न केले. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "बाबा, भाऊकाकांनी फुकट दिलं असतं तरी मी तिथं आले नसते."

मला वाटले ती माझी समजूत घालते आहे.

"नाही, खरंच. मला वाटलं होतं की भाव ऐकून तुम्ही आपोआप गप्प बसाल. आम्ही बजाजनगरला रो-हाउस घेतलंय. पुढच्या महिन्यात जातोय."

"बजाजनगर?" मी उभा राहिलो होतो असे ती सांगते. बसलोच होतो. "त्या कारखान्यांच्या धुरात? तिथे एक झाड नाही. पाळीचे भोंगे, ट्रक, खोल्यांवर खोल्या. तिथे माणूस नाइलाजाने राहतो."

"माझा नाइलाजच आहे, बाबा. तुमच्या गल्लीत पाण्याच्या दिवशी घरात कुणीतरी लागतं. लहानपणी आई होती. शाळेतून आलं की आई पाण्याच्या मोटरजवळ उभी. मामाच्या घरची लग्नं तिची त्या पाण्यापायी बुडाली, तुम्हाला आठवतं का? तुम्ही दौऱ्यावर असायचा. मला कामावरून सुटी कोण देणार? बजाजनगरला नळ रोज येतो. कारखाना जवळ. तुमची सावली छान आहे, पण तिच्यात बसायला मला वेळ कुठाय?"

घरी येताना रिक्षात मी तेच तेच घोळवत होतो. ज्या पाण्याला त्या गृहस्थाने हसण्यावारी नेले, तेच माझ्या मुलीने सगळ्यात मोठे धरले होते. आणि ज्याच्यासाठी तो वाटेल ते मोजत होता, ते तिला फुकट नको होते. एकच गल्ली. मी इतकी वर्षे मानत आलो होतो की किंमत जागेत रुतलेली असते, दगडासारखी. ती तर येणाऱ्या माणसाबरोबर येत होती आणि त्याच्याबरोबर परत जात होती. पत्नीला मी हे सांगितले तेव्हा ती भाजी निवडत म्हणाली, "लग्नं बुडाली ते खरंय."

मुलगी राहायला गेल्यावर आम्ही दोघे बजाजनगरला गेलो. तिने दिलेली किंमत मी वाटेत विचारून घेतली आणि पुन्हा तोंडघशी पडलो: क्षेत्राच्या मानाने ती आमच्या गल्लीच्या फार मागे नव्हती. ज्या वसाहतीला मी आयुष्यभर नाक मुरडले तिच्यासाठी लोक रांगेत उभे होते. घरात शिरलो तर मोरीतला नळ वाहत होता आणि त्याच्याकडे कुणी पाहतसुद्धा नव्हते. नात त्याखाली हात धरून खेळत होती. मी धावत जाऊन तो बंद केला.

"अहो, राहू द्या," माझी पत्नी म्हणाली, आणि तिने तो पुन्हा उघडला. ती तिथे पंधरा दिवस राहायचे सामान घेऊन आली होती, हे मला पिशवी उघडल्यावर कळले.

संध्याकाळी मी गल्ली पाहायला बाहेर पडलो. शेवटी एक मोकळा तुकडा होता, कचऱ्याने भरलेला. पलीकडे मैदानासाठी राखलेली जागा आणि तिच्यात कुणाचे तरी पत्र्याचे शेड. सवयीने मी पावलांनी रुंदी घेऊ लागलो. मुलीच्या शेजारच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी एक बाई, अंगावर कंपनीचा गणवेश, कामावरून येत होती. ती थांबली.

"तुम्ही ताईंचे वडील ना? काका, काय मोजताय?"

"इथे बाग होऊ शकते," मी म्हणालो. "दोन वर्षांत कडुनिंब खांद्याला लागतील. हे शेड बेकायदेशीर आहे. एक अर्ज..."

"नका करू, काका," ती घाईने हात जोडत म्हणाली. चेष्टा नव्हती, तिचा चेहरा उतरला होता. "ताईंनी सांगितलंय आम्हाला, तुम्ही तिकडं काय काय केलं ते. लई भारी केलं. पण आम्ही भाड्यानं राहतो. घाण हाये म्हणून परवडतं. बाग झाली की मालक पहिल्या तारखेला भाडं वाढवंल, अन् आम्हाला तिकडं मागं जोगेश्वरी गावाकडं जावं लागंल. मंग तिथून कंपनीची गाडी मिळत नाय. पोरगी इथल्या शाळंत हाये."

आयुष्यात मला गुंडांनी धमकावले आहे, पुढाऱ्यांनी दम दिला आहे, सख्ख्या भावांनी बांधावर शिव्या घातल्या आहेत. झाड लावू नका म्हणून हात जोडणारे माणूस मला प्रथमच भेटत होते. आणि त्या हातांपुढे माझ्याजवळ एकही कलम नव्हते.

मुलगी सांगते की मी त्या बाईला काहीच उत्तर न देता तसाच उभा राहिलो. हे चूक आहे. ती खिडकीत होती. तिला ऐकू गेले नसेल. मी त्या बाईला विचारले, "तुमच्या खाली तळमजल्याला कुलूप दिसतं. ती जागा भाड्याने मिळते का?"

"मिळती की. कोणाला पाहिजे?"

"मला. आम्हा दोघांना."

तिने माझ्याकडे नीट पाहिले, मग कुलपाकडे, आणि तिथले भाडे सांगितले. कचऱ्याशेजारच्या त्या जागेचे ते चढे भाडे ऐकून मी पायरीवर बसलो, एवढे मात्र मुलीचे म्हणणे खरे आहे.